वाचकांचे प्रश्न : वासाच्या पानांचं जिरेनियम

गेल्या अंकात परड्यातल्या वासाच्या झाडांवर लिहिलं होतं, मरवा, दवणा, पाच वगैरे, आणि त्यात जिरेनियमचा एवढासाच उल्लेख होता, खरं पत्रं आणि मेसेज आले ते बहुतेक सगळे त्याच्यावरच. बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी, अथणी, सगळीकडून. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांब पत्रं थोडी छाटलीत. दसरा जवळ आलाय, फांद्या लावायला हाच चांगला काळ, म्हणून या महिन्याचं सगळं सदर याच झाडाला दिलंय.

प्रश्न : ताई, नर्सरीत जिरेनियम द्या म्हटलं तर लाल फुलांचं झाड दिलं. फुलं छान आहेत, खरं पानाला गुलाबाचा वास काही येत नाही, उलट उग्रच येतोय. चुकीचं झाड दिलंय का मला?
– एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : झाड जिरेनियमच आहे दादा, फक्त ते फुलांचं आहे आणि तुम्हाला हवंय ते पानांचं. फुलांच्या जिरेनियमचं पान गोलसर, मऊ, बऱ्याचदा मध्ये गडद पट्टा असलेलं आणि फुलांचे झुबके मोठे. वासाच्या जिरेनियमची फुलं बारीक, फिकट गुलाबी, कुणी वळून बघणार नाही अशी, सगळं वैभव पानात. पानांवर बारीक लव असते आणि त्या लवेच्या टोकाशी तेलाच्या अगदी सूक्ष्म पिशव्या असतात, हात लागला की त्या फुटतात आणि वास सुटतो. म्हणून घेताना फोटो, लेबल, दुकानदाराचं बोलणं हे सगळं बाजूला ठेवा आणि एक पान दोन बोटांत हलकं चोळून बघा, तीच परीक्षा.

दोन्ही झाडं एकाच गटातली, पेलार्गोनियम, आणि माहेर दोघांचंही दक्षिण आफ्रिका. लिनियसनं १७५३ मध्ये ही झाडं जिरेनियमच्या गटात घातली होती, पुढं १७८९ मध्ये लेरितिए या फ्रेंच अभ्यासकानं वेगळी काढली, खरं लोकांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. नेटवर शोधताना पेलार्गोनियम असं टाकून शोधलंत तर माहिती नीट मिळेल, नाहीतर थंड देशातली भलतीच झाडं पुढं येतात.

वासाचे प्रकार भरपूर आहेत. गुलाबाच्या वासाचं, पान खोल कातरलेलं आणि जरा खरखरीत. लिंबाच्या वासाचं, पान लहान आणि कडेला चुण्या पडलेलं. पेपरमिंटच्या वासाचं, पान मोठं आणि मखमली. सफरचंदाच्या आणि जायफळाच्या वासाचंही असतं. आपल्या भागात पहिलं झाड घ्यायचं तर गुलाबाचंच घ्या. ते सगळ्यात काटक, पटापट वाढणारं आणि घरात सगळ्यात जास्त कामाला येणारं. पेपरमिंटचं फार देखणं असतं खरं त्याला कडक ऊन सोसत नाही, सावलीत आणि गारव्यात ठेवायची सोय असेल तरच त्याच्या मागं लागा.

प्रश्न : आमच्याकडं जिरेनियम उन्हाळ्यापर्यंत झक्कास असतंय, मृग लागला की पंधरा-वीस दिवसांत बुडातून काळं पडून आडवं होतंय. दरवर्षी तेच. माती घरची आहे, शेणखत भरपूर घालतेय, पाणीही कधी चुकवत नाही. काय कमी पडतंय?
– एक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, कमी काहीच पडत नाही, पाणी आणि खत दोन्ही जास्त होतंय. माझ्याकडं आलेल्या पत्रांत हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय आणि आपल्या भागात या झाडाचं जगणं-मरणं यावरच आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

जिरेनियमच्या खोडात आणि पानात ओल धरून ठेवायची ताकद असते, त्याला कोरडी मुळं आणि खेळती हवा आवडते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस म्हणजे आठ-आठ दिवस ऊन नाही, माती चिखल झालेली, भिंतींना ओल, अशा वेळी मातीतली बुरशी बुडातून शिरते, खोड आधी तपकिरी मग काळं आणि मऊ होतं आणि वरची पानं अजून हिरवी दिसत असतानाच झाड गेलेलं असतं. एकदा बूड काळं पडलं की औषध मारून उपयोग होत नाही. त्या वेळी एकच करायचं, वरचा जो शेंडा अजून कडक आणि हिरवा आहे तो कापून नवीन फांदी म्हणून लावायचा आणि ती माती टाकून द्यायची, दुसऱ्या कुंडीत वापरायची नाही.

खरा इलाज मे महिन्यातच सुरू होतो. सगळ्यात आधी माती बदला. तुमच्याकडची तांबडी माती चांगली आहे, खरं एकटी वापरू नका. दोन भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू किंवा फुटक्या कौलांचा-विटांचा चुरा, एक भाग पूर्ण कुजलेलं जुनं शेणखत किंवा गांडूळ खत, बस. कोकोपीट पावसाळ्यात नकोच, ते पाणी धरून बसतं. कुंडी मातीची घ्या, तुमच्या खानापूरला कुंभारकामाची एवढी परंपरा आहे, तिथली साधी न रंगवलेली कुंडी प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा या झाडाला कितीतरी बरी, तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. रंग लावलात तर तो फायदा गेला. आठ-दहा इंची कुंडी पुरे, मोठ्या कुंडीत जास्त माती आणि जास्त माती म्हणजे जास्त दिवस ओल.

मे महिन्याच्या सुरुवातीला झाड एक तृतीयांश छाटा म्हणजे पाऊस यायच्या आत कापलेल्या जागा वाळतात, मध्ये हवा खेळते, आणि कापलेला पाला घरात कामाला येतो. रोहिणी संपायच्या आत कुंडी छपराखाली घ्या. छपराखाली म्हणजे पागोळ्यांच्या खाली नाही हं, बरेच जण तिथंच ठेवतात आणि सगळ्या कौलांचं पाणी एका कुंडीत जातं. पूर्वेचा सोपा, गॅलरी, जिथं सकाळचा उजेड येतो आणि झड येत नाही ती जागा. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका, खाली दोन विटा द्या, ताटली काढून टाका. आणि जून ते सप्टेंबर पाणी घालायचं ते बोट बघून, मातीत बोटाची दोन पेरं खुपसा, आत कोरडं लागलं तरच थोडं घाला, पानांवर नाही. त्या चार महिन्यांत खत बंद, छाटणी बंद. झाड थोडं मलूल दिसेल, खालची पानं पिवळी पडतील, ती काढून टाकत राहा आणि झाडाला आहे तसं राहू द्या, दसऱ्यानंतर तेच झाड दहा दिवसांत उभं राहतं.

हा त्रास आपल्यालाच आहे असं नाही. उत्तरेकडच्या सपाट मुलखातही पावसाळ्यात जिरेनियमची रोपं मरतात, आणि लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यावर साधा उपाय काढला, ज्या झाडांच्या फांद्यांपासून नवीन रोपं करायची त्या मूळ झाडांवर पावसाळ्यात प्लॅस्टिकचं स्वस्त छप्पर उभारायचं. पूर्वी त्यासाठी महागडं काचघर लागायचं, छपरामुळं रोपाचा खर्च सुमारे ३५ रुपयांवरून २ रुपयांच्या आसपास आला. तेव्हा घराची वळचण नसेल तर चार बांबू आणि वर प्लॅस्टिकचा कागद, बाजू उघड्या, एवढं केलंत तरी झाड वाचतं.

प्रश्न : फांदीपासून रोप कसं करायचं? मैत्रिणीनं दिलेल्या फांद्या मी पाण्यात ठेवल्या तर कुजल्या.
– एक वाचक, वडगाव

उत्तर : पाण्यात ठेवू नका. फूल न आलेला शेंड्याकडचा चार-पाच बोटं लांब तुकडा घ्या, डोळ्याच्या, म्हणजे जिथून पान फुटतं त्या जागेच्या, लगेच खाली धारदार कात्रीनं कापा, खालची पानं काढा आणि शेंड्याची दोन-तीनच ठेवा. मग तो तुकडा सावलीत अर्धा ते एक दिवस नुसता पडू द्या. हे वाचून जीव कासावीस होतो कारण आपल्याला फांदी कापली की लगेच मातीत खोचायची सवय आहे, खरं ती कापलेली जागा वाळून तिच्यावर सालपट धरणं हीच इथली किल्ली आहे. नंतर वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घेऊन त्यात बोटभर खोल लावा, इथं कोकोपीट चालतं कारण तुकड्याला थोडीशीच ओल लागते. वर प्लॅस्टिकची पिशवी घालू नका, या लवदार पानांवर घाम धरला की बुरशी येते. तीन-चार आठवडे मऊ उजेडात ठेवा, हलकं ओढून बघितल्यावर अडकल्यासारखं लागलं म्हणजे मुळं फुटलीत.

दसरा ते माघ हा काळ उत्तम. दरवर्षी दोन-चार फांद्या लावत जा, कारण जिरेनियमचं झाड दोन-तीन वर्षांत बुडाशी लाकडी आणि उघडं पडतं, नवीन रोपालाच पाला जास्त आणि वासही चांगला.

प्रश्न : निपाणीत फिरत्या गाडीवर "मॉस्किटो प्लांट" म्हणून एक झाड मिळालं, खिडकीत ठेवलं की डास येत नाहीत म्हणाला. दोन महिने झाले, डास आहेत तेवढेच आहेत. झाड कमी पडतंय का, अजून दोन आणू का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : आणू नका. ते झाड वासाच्या जिरेनियमचाच एक प्रकार आहे, वास लिंबासारखा, म्हणून त्याला सिट्रोनेलाचं झाड म्हणून विकतात, खरं सिट्रोनेला तेल ज्यापासून काढतात ते गवत आहे, अगदी वेगळं. आणि झाड नुसतं उभं असताना हवेत वास जवळजवळ सोडत नाही, पान चुरल्याशिवाय तेल सुटतच नाही, मग डासांना कळणार कसं? कॅनडात याची चाचणी झाली होती, ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात झाडाशेजारी बसलेल्या माणसांना डास तेवढेच चावले आणि डास त्याच झाडाच्या पानांवर निवांत बसलेलेही दिसले.

मला यात जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. डासांसाठी म्हणून कुंडी आणायची, कुंडीखाली ताटली ठेवायची आणि ताटलीत पाणी साठू द्यायचं, डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर झाडावर भरवसा ठेवून जाळी आणि मच्छरदाणी सोडू नका. ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासून कोरड्या करा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. झाड मात्र ठेवा, वास सुंदर आहे त्याचा.

प्रश्न : याची पानं खाण्यात चालतात असं ऐकलं. कशात घालायची? कुंद्यात घालून बघावं म्हणतेय, दिवाळीला पाहुणे येणार आहेत.
– एक काकू, शहापूर

उत्तर : काकू, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण या झाडाचं खरं सुख स्वयंपाकघरातच आहे आणि आपल्याकडं तिथपर्यंत फार थोडे जण पोचतात.

गुलाबाच्या वासाच्या जिरेनियममध्ये जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल हे घटक असतात, गुलाबाच्या अत्तरातही हेच दोन मुख्य, म्हणून तो वास गुलाबाच्या इतका जवळचा. त्याच्या मागं थोडी हिरवी, पुदिन्याकडं झुकणारी छटा असते. त्यामुळं जिथं गुलाबपाणी किंवा वेलची शोभते तिथं हे शोभतं. कुंद्यात नको. कुंद्यात दूध आणि साखर आटून-आटून जी खरपूस चव येते तीच त्याची शान, तिच्यापुढं हा नाजूक वास दबून जातो, आणि कुंद्याला दुसऱ्या वासाची गरजच काय. तुम्ही बासुंदी, शेवयांची खीर, श्रीखंड यांत वापरा.

पान खायचं नसतं, ते खरखरीत लागतं, फक्त त्याचा वास उतरवून घ्यायचा. अर्धा लिटर दूध आटवून झालं की गॅस बंद करा, तीन-चार मध्यम पानं धुऊन, हातानं हलकी दाबून दुधात सोडा, झाकण ठेवा, दहा मिनिटांनी काढून टाका. पानं घालून उकळत ठेवलंत तर कडवटपणा उतरतो. श्रीखंडाला दोन चमचे गरम दुधात अशीच पानं भिजवून ते दूध चक्क्यात घाला, केशराबरोबर सुरेख लागतं. त्या दिवशी वेलची मात्र घालू नका, दोन्ही वास एकमेकांशी भांडतात.

दिवाळीसाठी आजच एक काम करा, साखर लावून ठेवा. काचेची कोरडी बरणी, एक वाटी साखर, पाच-सहा पानं. पानं आदल्या दिवशी धुऊन पंख्याखाली अगदी कोरडी करून घ्या, थेंबभर पाणी राहिलं तर साखरेचा गोळा होतो. साखरेचा थर, वर पान, परत साखर असं भरा, झाकण घट्ट लावा, अधूनमधून बरणी हलवा. दोन आठवड्यांत साखरेला वास लागतो, मग पानं काढा. ही साखर दळून शंकरपाळ्या, नानकटाई, रव्याच्या लाडवात घाला. तळणीत वास थोडा कमी होतो, लाडवात पुरता टिकतो, म्हणून निवड करायची झाली तर लाडूच करा.

उन्हाळ्यात याचं सरबत फार चांगलं होतं. एक वाटी साखर एक वाटी पाण्यात विरघळवून उकळी आली की गॅस बंद, त्यात आठ-दहा पानं, झाकून गार होऊ द्या, गाळून बाटलीत भरून फ्रिजमध्ये, आठ-दहा दिवसांत संपवा. लिंबू पिळून छान, खरं माझ्या मते कोकमाबरोबर त्याहून छान, कोकमाचा आंबटपणा आणि हा गुलाबी वास एकमेकांना धरून राहतात. चहात घालायचं तर लिंबाच्या वासाच्या जिरेनियमचं एक पान बिनदुधाच्या चहात टाका.

आता सांभाळायचं काय ते. ओळख पक्की असलेलं गुलाबाचं किंवा लिंबाचं झाडच खाण्यात वापरा, मॉस्किटो प्लांट किंवा फुलांचं जिरेनियम नको. नर्सरीतून नुकतं आणलेलं असेल तर त्यावर औषध मारलेलं असू शकतं, दोन महिने तरी घरी वाढवा, जुनी पानं काढून टाका आणि नवीन फुटलेलीच वापरा. गरोदर बायकांना आणि तान्ह्या मुलांना देऊ नका. आणि बाजारात जिरेनियमचं तेल मिळतं ते शेकडो पटींनी तीव्र असतं, ते पदार्थात एक थेंबही घालायचं नाही.

प्रश्न : अथणीकडं ऊन चाळीसपर्यंत जातंय. माती काळी, बोअरचं पाणी जड. पानांच्या कडा करपतात, झाड खुंटल्यागत झालंय. जमणारच नाही का आमच्याकडं?
– एक वाचक, अथणी

उत्तर : जमतं की. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, तिथली हवा या झाडाला मानवते, तुमच्याकडं ऊन जास्त आहे खरं एक मोठी जमेची बाजू आहे, पाऊस कमी. खानापूरकरांची निम्मी डोकेदुखी तुम्हाला नाहीच. काळी माती कुंडीत अजिबात घेऊ नका, ती ओली झाली की चिकट आणि वाळली की भेगा, तांबडी माती कुठूनतरी आणा. मार्च ते मे झाड दुपारच्या उन्हातून काढून झाडाच्या किंवा हिरव्या नेटच्या सावलीत ठेवा, सकाळचं ऊन दहापर्यंत पुरे. वरून उसाचं पाचट बारीक करून पसरा, फक्त खोडापासून दोन बोटं लांब.

कडा करपतात ते उन्हाइतकंच पाण्यातल्या क्षारांमुळंही असतं. पावसाचं पाणी साठवता आलं तर तेच या झाडाला ठेवा, नाहीतर पंधरा दिवसांतून एकदा कुंडीतून भरपूर पाणी जाऊ द्या म्हणजे साठलेले क्षार खालून धुऊन निघतात, आणि नंतर माती वरून चांगली सुकेपर्यंत पाणी नाही. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की ती वेळ आली असं समजा.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. झाड उंच-उंच लांबट वाढलंय, पानं मोठी हिरवीगार, वास मात्र नावाला. दर आठवड्याला लिक्विड खत देते.
– एक वाचक, कॅम्प, बेळगाव

उत्तर : खत थांबवा आणि ऊन वाढवा. नत्र जास्त झालं की झाड पाला वाढवत सुटतं आणि त्या लुसलुशीत पानात तेल कमी पडतं. चार-पाच तास थेट ऊन मिळेल अशा कठड्याजवळ ठेवा, एकदम नको, आठवडाभर थोडं-थोडं सरकवत न्या. लांबट फांद्या निम्म्यावर कापा, कापल्याखाली दोन-तीन फुटवे येतात. त्या फुटव्यांचे शेंडे पण खुडत राहा. खत दोन महिन्यांतून एकदा मूठभर गांडूळ खत, एवढंच. हे झाड खुडलं, वापरलं की दाट होतं आणि नुसतं बघत राहिलं की वेडंवाकडं वाढतं, तेव्हा येता-जाता हात लावत जा त्याला.

प्रश्न : महाराष्ट्रात जिरेनियमची शेती करून तेल विकतात असं व्हिडिओत बघितलं. एक एकर ऊस मोडून लावावं का? रोपं देणारा माणूस तेल परत घेतो म्हणतोय.
– एक शेतकरी, हुक्केरी तालुका

उत्तर : दादा, हे सदर घरच्या बागेचं आहे, तरी प्रश्न पोटापाण्याचा आहे म्हणून माहीत आहे तेवढं सांगते. पाल्यात तेल साधारण हजारात एक ते दीड भाग, म्हणजे टनभर पाल्यामागं एक-दीड किलो. ते काढायला वाफेवर चालणारं ऊर्ध्वपातनाचं युनिट लागतं आणि पाला कापला की फार वेळ ठेवता येत नाही, म्हणून तुमच्यापासून जवळात जवळ युनिट किती किलोमीटरवर आहे हा पहिला प्रश्न. दोन फुटांवर रोप धरलं तर एकराला अकरा हजारांच्या आसपास रोपं लागतात, म्हणजे सगळ्यात मोठा खर्च पहिल्याच दिवशी आणि तो जातो रोपं विकणाऱ्याकडं. तेल परत घेतो म्हणणाऱ्याकडून भाव, मुदत आणि तेलाची तपासणी कोण करणार हे सगळं लेखी घ्या आणि त्याच्याकडून याआधी ज्यांनी रोपं घेतली त्यांच्या शेतावर स्वतः जाऊन या, तेही पावसाळा संपल्यावर, किती झाडं उरलीत ते डोळ्यांनी दिसतं. काळ्या, पाणी धरणाऱ्या रानात हे पीक लावू नका. मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत विचारा, सीमॅपचं एक केंद्र बेंगळुरूलाही आहे. एवढं करून पटलं तर पाच-दहा गुंठ्यांवर एक पावसाळा काढून बघा. ऊस मोडायचा निर्णय त्यानंतर.

प्रश्न : घरच्या पानांपासून तेल काढता येतं का? केसांना लावायला हवंय. आणि आमच्या मांजरीनं पानं चावली तर काही होतं का?
– एक भगिनी, हिंडलगा

उत्तर : वरच्या उत्तरातला हिशेब बघा ताई, घरच्या दोन-चार कुंड्यांचा पाला कुकरला नळी लावून उकळलात तर हाती तेलाचे थेंबसुद्धा येणार नाहीत, थोडं वासाचं पाणी येईल. त्यापेक्षा खोबरेल तेलात वास उतरवा. पानं सावलीत कुरकुरीत वाळवा, ओलसर पान तेलात गेलं की बुरशी धरते. वाळलेली पानं चुरून बरणीत अर्ध्यापर्यंत भरा, वर खोबरेल, बरणी कोमट पाण्याच्या भांड्यात तासभर ठेवा, मग आठवडाभर झाकून ठेवून गाळा. केस वाढतात, टक्कल जातं असलं काही मी सांगणार नाही, डोक्याला वास छान येतो आणि तेवढं पुरेसं आहे. आधी कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस बघा, काहींना खाज येते.

वाळली तरी गुलाबाच्या वासाच्या जिरेनियमची पानं बराच काळ वास धरून ठेवतात, म्हणून मलमलच्या पुरचुंडीत बांधून साड्यांच्या कपाटात ठेवा. ताजी पानं अबोलीच्या गजऱ्यात मरव्यासारखी गुंफून बघा, अबोलीला स्वतःचा वास नसतो आणि हिरवं-केशरी शोभतंही.

मांजरीला मात्र जपा. जिरेनियम मांजर आणि कुत्रा दोघांनाही बाधतं, उलट्या होतात, खाणं बंद करतात, अंगावर चट्टेही उठू शकतात. एखादं पान चावलं तर बहुधा आपोआप निवळतं, खरं उलट्या थांबल्या नाहीत किंवा मलूल होऊन पडली तर पशुवैद्याकडं न्या आणि जाताना झाडाची एक फांदी सोबत घ्या. कुंडी हुकाला टांगून ठेवा, आणि वासाचं तेल तिच्या अंगाला चुकूनही लावू नका.